कुठून आलास, कुठे चाललास

वेल्डरबाईचा गोंडस देवदूतांवर भारी राग होता. गुबगुबीत गाल, कमरेला फडकं, पाठीला कबुतराचे पंख, असलं चित्र कुणी पुढे केलं की तिचं डोकंच सणकायचं. "अरे, पवित्र शास्त्र उघडून तर बघा," ती म्हणायची. "देवदूत दिसला की चांगली धट्टीकट्टी माणसं पालथी पडतात. त्याला आधी सांगावं लागतं, भिऊ नका! हे असलं बाळ बघून कोण भिणार? फार तर कुणी त्याचं दुपटं बदलेल."

नवरा गेल्यापासून गेट, ग्रिल, जिने बनवायचा कारखाना तीच चालवत होती, मुलाला हाताशी घेऊन. कारखाना म्हणजे तरी काय, पत्र्याच्या छपराची एक लांबडी खोली. पुढे रस्त्याकडे शटर, मागे बोळात उघडणारं लोखंडी दार, मध्ये ऐरण, गॅसच्या दोन टाक्या, आणि भिंतीला टेकवून ठेवलेली अर्धवट फाटकं. आठवडाभर ती तिथे लोखंड कापायची आणि रविवारी प्रार्थना आटोपली की चर्चच्या बाजूच्या खोलीत मुलांना शास्त्र शिकवायची. आवाज दोन्हीकडे तोच. मुलं तिला टरकून असायची, पण एक रविवार चुकवतील तर शपथ.

"देवदूत म्हणजे ढगावर बसलेले रिकामटेकडे नव्हेत," ती सांगायची. "कामगार आहेत, कामगार! कुणी निरोप्या, मरीयेकडे गेलेला गब्रिएल बघा. कुणी लढवय्या, आपला मीखाएल. कुणी राखणदार, ज्यानं पेत्राला तुरुंगातून बाहेर काढलं तो. आणि कुणी नागवी तलवार घेऊन येतो, तेव्हा राजांनासुद्धा पळता भुई थोडी होते. पण एकाचीही स्वतःची मर्जी चालत नाही. धन्यानं सांगितलं तेवढं करायचं आणि वाटेला लागायचं. कुणी पाया पडायला लागलं तर उलट दटावतात, ऊठ, मीही तुझ्यासारखाच चाकर आहे."

धडा संपला की खेळ. हा खेळ तिनेच काढलेला, तिचा मुलगा लहान होता तेव्हापासूनचा. अब्राहामाच्या घरातली दासी हागार छळाला कंटाळून रानात पळाली, तेव्हा देवदूतानं तिला गाठून दोनच गोष्टी विचारल्या, कुठून आलीस आणि कुठे चाललीस. म्हणून खेळात एक मूल दारात हात पसरून उभं राहायचं, ते देवदूत. बाकीची रांगेत. प्रत्येकाला देवदूत विचारणार, "कुठून आलास? कुठे चाललास?" खरं सांगितलं आणि चांगल्या जागी निघाला असलात तर वाट मोकळी. खोटं बोललात किंवा भलत्या वाटेला निघालात तर चला, रांगेच्या शेवटी. आणि देवदूतानं काही झालं तरी हलायचं नाही. गुदगुल्या केल्या, ढकललं, चिमटा काढला तरी नाही. या खेळात कुणी दादा असेल तर तिचा सात वर्षांचा नातू, टिल्लू. दारातला खांब हलेल, पण टिल्लू हलणार नाही.

मागच्या रविवारी तिने बलामाची गोष्ट घेतली होती. बलाम गाढवीवर बसून वाईट कामाला निघाला आणि देवदूत तलवार उपसून त्याच्या वाटेत उभा राहिला. बलामाला तो दिसत नाही, गाढवीला दिसतो. ती अंग चोरून भिंतीला घासते, बलामाचा पाय चेंगरतो, आणि तो शहाणा त्या मुक्या जनावरालाच बडवत सुटतो. वेल्डरबाईनं गाढवीचं ओरडणं असं काही वठवलं की पोरं हसून लोटपोट झाली. मग ती गंभीर झाली आणि म्हणाली, "लक्षात ठेवा. चुकीच्या वाटेला लागलेल्याच्या आडवा उभा राहतो, तोही देवदूतच."

टिल्लूनं ते लक्षात ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून त्यानं तलवारीसाठी भुणभुण लावली. शेवटी तिने उरलेल्या पत्र्याची एक पट्टी कापून दिली, मूठ जोडून दिली, आणि पोराच्या हाताला लागू नये म्हणून तिच्या कडा घासून घासून गुळगुळीत केल्या. तेवढी काळजी तिने घेतली होती, बिचारीनं.

शनिवारची दुपार होती. शाळा लवकर सुटलेली. मुलगा एका गिऱ्हाइकाकडे माप घ्यायला गेला होता आणि वेल्डरबाई एकटीच ग्राइंडर चालवत होती. ग्राइंडर चालू असताना बाहेर तोफ उडाली तरी ऐकू येत नाही. तिला फक्त जमीन हादरल्यासारखं वाटलं. हातातला तुकडा कापून झाल्यावर तिने बटण बंद केलं, चष्मा कपाळावर सरकवला, तोच अर्ध्या उघड्या शटरखालून एक माणूस सरपटत आत आला.

माणूस कसला, रक्तामांसाचा लोळागोळा. एक कान लोंबत होता. तोंडातून रक्त आणि दाताचे तुकडे येत होते. शर्ट पाठीवर फाटला होता आणि पाठीवर सायकलच्या चेनचे वळ उठले होते, कडी न् कडी मोजता यावी असे. "मावशी," तो म्हणाला, "मारतायत." एवढं बोलून तो ऐरणीशी कोसळला.

त्याच्यामागून लोंढा आला. तिने विचार केला नाही. विचार करत बसणाऱ्यांपैकी ती नव्हतीच. शटरला लोंबकळून तिने ते खाली ओढलं आणि कडी घातली. कुणाचा तरी हात फटीत सापडला, बाहेर एक किंकाळी उठली, हात मागे ओढला गेला. मग शटरवर दगड बसायला लागले.

"उघडा बाई! द्या त्याला बाहेर!" तो पंक्चरवाल्याचा आवाज होता. समोरच त्याचं दुकान. त्याच्या दुकानाची जाळीसुद्धा तिनेच बनवलेली.

"नाही देत!" ती ओरडली. "इथे कापाकापी होते ती लोखंडाची! माणसाची करायची असेल तर दुसरा कारखाना बघा!"

तिला लोटाची गोष्ट आठवली. सदोमात परके पाहुणे त्याच्या घरी उतरले, गावानं दार धडकून त्यांना बाहेर मागितलं, आणि ते पाहुणे देवदूत निघाले. हा ऐरणीपाशी पडलेला काही देवदूत दिसत नव्हता. पण लोटाला तरी कुठे ठाऊक होतं? अनोळखी माणसाला आसरा द्यावा, कोण आलंय ते आपल्याला कळत नसतं, हे तिने मुलांना शिकवलं होतं. शिकवायचं एक आणि करायचं भलतंच, हे तिला जमणारं नव्हतं.

शटरला बाहेरून पहार लागली. पत्रा आत चेपला. पंक्चरवाला आता रडत ओरडत होता. "अहो बाई, कुणाला वाचवताय? टिल्लू आहे तो! तुमचा टिल्लू! याच हरामखोरानं ट्रक घातलाय त्याच्यावर! चेंदामेंदा झालाय पोराचा! सून घेऊन गेली दवाखान्यात, काही राहिलं नाही त्याच्यात!"

वेल्डरबाईच्या कानात ग्राइंडर पुन्हा सुरू झाल्यासारखं झालं. आधी तिला काहीच वाटलं नाही. मग सगळं एकदम वाटलं. टिल्लूचे पुढचे दोन दात पडलेले होते. सकाळीच तिने त्याला चिडवलं होतं, बोळकं म्हणून. लहानांचे देवदूत कायम देवबापाचं तोंड बघत उभे असतात, असं तिने किती रविवार सांगितलं होतं! मग माझ्या टिल्लूचा कुठे उलथला होता? तोंड बघत बसला होता? खाली बघायचं सुचलं नाही त्याला?

तिने ऐरणीवरचा हातोडा उचलला.

ट्रकवाल्यानं डोळे उघडले, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि त्याला कळलं. तो कोपरावर मागे सरकू लागला. तिने घाव घातला तो त्याच्या खांद्याजवळ बसला. हाड मोडल्याचा आवाज तिला हाताच्या पंज्यातून कोपरापर्यंत जाणवला. तो असा ओरडला की बाहेरचे क्षणभर गप्प झाले आणि मग खूश होऊन आणखी जोरात ओरडले, "मारा बाई! मारा!"

तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला? तिला बरं वाटलं, आणि तिने दुसऱ्यांदा हातोडा वर घेतला तो डोक्यासाठीच.

"मावशी, तो पळालाच नाही!" ट्रकवाला मोडका हात छातीशी धरून रडत होता. "हॉर्न दिला, ब्रेक मारला, पळालाच नाही! रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभा होता. हातात काहीतरी चमकत होतं. हसत होता, मावशी. मलाच काहीतरी विचारत होता. मी गाडी भिंतीत घातली. भरली गाडी भिंतीत घातली मी! शेवटी घाबरून तोही त्याच बाजूला पळाला, मग मी काय करू? तुम्हीच सांगा, मी काय करू?"

हातोडा वरच राहिला.

काय विचारत होता ते तिला न सांगता कळलं. कुठून आलास, कुठे चाललास. आणि देवदूतानं काही झालं तरी हलायचं नाही. कुणी शिकवलं? चुकीच्या वाटेला लागलेल्याच्या आडवा उभा राहतो तो देवदूत. हेही कुणी शिकवलं? हातात चमकणारी पट्टी कुणी दिली, कडा घासून घासून? बाहेरचा अख्खा रस्ता तिला सांगत होता की यालाच मार, आणि हा मेला की विषय संपला. कुणाला काही कळायचं कारण नव्हतं. मढं बोलत नाही.

तिने हातोडा खाली ठेवला. फेकला नाही, ठेवला. फेकला असता तर उचलावासा वाटला असता.

तेवढ्यात मागच्या दारात किल्ली फिरली. ती किल्ली दोघांकडेच होती, तिच्याकडे आणि मुलाकडे.

मुलगा आत आला. शर्टाची पुढची बाजू रक्तानं भिजलेली होती. पोराला उचलून सुनेच्या हवाली त्यानंच केलं असणार; ते रक्त कुणाचं, हे विचारायची गरज नव्हती. दाराशी पडलेली लोखंडी सळी त्यानं वाकून उचलली. बोटभर जाड, पुरुषभर लांब. तो एकटा ऐरण उचलायचा, आणि राग त्याला आईकडूनच मिळालेला.

वेल्डरबाईनं गॅस कटर उचलला, टाकीची चावी फिरवली, चकमक मारली. पिवळी ज्वाळा भडकली, दुसरी चावी फिरवल्यावर निळी झाली आणि फुसफुसू लागली. ट्रकवाल्याच्या आणि मुलाच्या मधोमध ती उभी राहिली. एदेन बागेच्या फाटकावर देवानं असेच करूब नावाचे देवदूत उभे केले होते, हातात चौफेर फिरणारी आगीची तलवार देऊन. ती गोष्ट सांगताना तिला नेहमी स्फुरण चढायचं. आता तिने फक्त कटर घट्ट धरला.

"कुठून आलास?" तिने विचारलं. "कुठे चाललास?"

मुलगा थबकला. "खेळ सुचतोय तुला?" तो म्हणाला. "आई, खेळ सुचतोय?"

"उत्तर दे."

"माझ्या पोराचं रक्त बघून आलोय! ह्याचा मुडदा पाडायला चाललोय! ऐकलंस? आता सरक!"

"ही वाट बंद आहे," ती म्हणाली. "माघारी जा."

त्यानं सळी फिरवली ती ट्रकवाल्यासाठी, पण ती मध्ये होती. सळी तिच्या डाव्या हातावर बसली आणि हात कोपराखाली वाकडा झाला. तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. ती हलली नाही. त्यानं तिला खांद्यानं ढकललं, ती ऐरणीवर आदळली, कपाळ फुटलं, आणि त्याच ऐरणीवर उजवं कोपर रेटून ती परत त्याच्यापुढे आली. "आई, तुझ्या पाया पडतो, हो बाजूला!" तो हुंदके देत होता आणि मारतही होता. दुसरा फटका तिच्या मांडीवर बसला. खाली ट्रकवाला मुटकुळं करून डोकं झाकून पडला होता. मुलगा तिला वळसा घालून त्याच्यापाशी पोचला, दोन्ही हातांनी सळी डोक्यावर नेली, आणि आता ती खाली येणार होती.

अब्राहामानं पोटच्या पोरावर, इसहाकावर सुरी उचलली तेव्हा आकाशातून हाक आली होती. इथे हाकबीक काही आली नाही. वर नुसता पत्रा होता.

तिने ज्योत मुलाच्या उजव्या हाताला लावली.

ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. तिला विचारा. ज्या हाताला तिने लहानपणी गरम तवासुद्धा लागू दिला नव्हता, त्याच हाताचं कातडं तिच्या डोळ्यांसमोर फुटलं, आणि तो वास आयुष्यभर तिच्या नाकातून जायचा नव्हता. मुलगा गुरासारखा ओरडला. बोटं उघडली. सळी खणखणत जमिनीवर पडली आणि गडगडत फाटकांखाली गेली. तो हात पोटाशी धरून गुडघ्यांवर बसला.

त्याच वेळी शटर फाटलं. पंक्चरवाला चेन घेऊन आत घुसला, त्याच्यामागे आणखी माणसं, आणि समोरचं दृश्य बघून सगळी जागच्या जागी थिजली. आईचा एक हात लोंबतोय, कपाळातून रक्त वाहतंय, दुसऱ्या हातात आग, आणि पायाशी पोटचा पोर तळमळतोय.

"मारायला आलात ना?" ती म्हणाली. आवाज बसला होता, पण सगळ्यांना ऐकू आला. "मग मला मारा. टिल्लूला रस्त्यात मी उभं केलं. देवदूत होऊन आडवा उभा राहा, हलू नकोस, असं मी शिकवलं. तलवार मी दिली. ह्यानं त्याच्यासाठी गाडी भिंतीत घातली आणि मी ह्याचं हाड मोडलं. या पुढे! ज्याला हात धुऊन घ्यायचेत त्यानं यावं!"

एकानं तरीही पुढे येऊन ट्रकवाल्याला लाथ घातलीच. असतात अशी माणसं. तिने कटर त्याच्याकडे वळवला तसा तो सुतासारखा सरळ झाला आणि मागच्या मागे पसार झाला. पंक्चरवाल्यानं चेन खिशात कोंबली. मग तो भिंतीशी बसून लहान मुलासारखा रडू लागला. पोलीस आले तेव्हा मारायचं कुणी उरलंच नव्हतं.

टिल्लू मेला नव्हता. लोकांच्या तोंडाला काय, माणूस पडला की ते मूठमाती देऊनच येतात. त्याचा डावा पाय चाक आणि भिंत यांच्यामध्ये चेंगरला होता. पाय राहिला, पण आता तो लंगडत चालणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. वेल्डरबाईला बलामाचा पाय आठवला आणि ती दवाखान्याच्या बाकावर तोंडात पदर कोंबून रडली. त्या रविवारी पोरं हसून लोटपोट झाली होती.

पोलिसांना तिने सगळं सांगितलं. ट्रकवाल्याचा दोष नाही. त्याच्या खांद्याचं हाड मोडलं ते मी. मुलाचा हात भाजला तोही मीच. स्वतःच्या हाताबद्दल विचारलं तेव्हा म्हणाली, ऐरणीवर पडले. ट्रकवाला खालच्या मजल्यावर होता. ती जिना उतरून त्याच्या खाटेपाशी गेली. ती क्षमा मागायला आली होती. तो म्हणाला, "पोरगं कसं आहे, मावशी?" तेवढं सांगून ती परत वर आली.

मुलगा तिच्याशी बोलत नव्हता. बायकोला बाकावर सासूशेजारी बसवून तो स्वतः समोरच्या भिंतीशी स्टुलावर बसायचा, पट्ट्या बांधलेला हात मांडीवर घेऊन, आणि फरशीकडे बघत राहायचा. त्या हातानं पुन्हा पकड येईल की नाही, हे डॉक्टरही सांगू शकत नव्हते. रागावलाय म्हणावं तर रागावलेलाही दिसत नव्हता. वेल्डरबाई त्याच्याकडे बघायची आणि मान खाली घालायची. तिला त्याची क्षमा नको होती. त्यानं एकदा आई म्हणावं, एवढंच हवं होतं.

टिल्लूला शुद्ध आली तेव्हा सगळी त्याच्या खोलीत होती. दोघी खिडकीजवळच्या बाकावर, बाप स्टुलावर. टिल्लूनं आधी आजीला शोधलं.

"आजी, थांबला ना तो ट्रक?"

"थांबला रे माझ्या राजा."

"मी हललो नाही," तो बोळक्या तोंडानं म्हणाला. मग जरा विचार करून म्हणाला, "शेवटी थोडासा हललो."

"हलावं, बाळा," ती म्हणाली. "मी चुकीचं शिकवलं. ट्रकपुढून हलायचं असतं."

टिल्लूला ते फारसं पटलेलं दिसलं नाही. त्याची नजर बापाच्या पट्ट्यांवर गेली. "बाबा, हाताला काय झालं?"

सुनेनं नवऱ्याकडे पाहिलं. वेल्डरबाईनं डोळे मिटून घेतले. बापानं हाताकडे पाहिलं आणि मग त्या दिवसानंतर पहिल्यांदाच त्यानं मान वर करून आईकडे पाहिलं.

"आई दारात उभी होती," तो म्हणाला. "कुठून आलास, कुठे चाललास, विचारलं. माझं उत्तर चुकलं."

टिल्लूनं मान डोलावली. खेळ म्हणजे खेळ, त्यात बापालाही सूट नाही. "मग रांगेच्या शेवटी जा," तो म्हणाला.

"जातो," बाप म्हणाला. तो स्टुलावरून उठला, खिडकीपाशी गेला, आणि बाकावर आईच्या पलीकडे, टोकाला जाऊन बसला.